आसरांच्या डोहावरची राखण

रंगूबाई माझी थोरली जाऊ. तिचं नि माझं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको, की मैना जावेची आरती ओवाळत बसली. तोंडानं फटकळ, कानानं सोयीपुरती बहिरी, आणि एकदा डोक्यात काही घेतलं की ब्रह्मदेव आला तरी सोडायची नाही. पण तसली बाई मी दुसरी पाहिली नाही, हेही तितकंच खरं.

आम्ही परीट. नाशकाच्या वरच्या अंगाला, सोमेश्वर ओलांडून गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठानं गेलं की आमचं गाव. मी माहेरची पंचवटीतली. लग्न होऊन आले तेव्हा माझं 'आहे' नि 'नाही' ऐकून ही चारचौघींत म्हणाली, "ही नाशिकवाली बोलती का पोथी वाचती गं?" सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. त्या दिवसापासून आमचं जे जुंपलं ते जुंपलंच.

गावाखाली नदीत एक डोह होता. काठावर शेंदूर फासलेले सात दगड, त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. म्हणून तो आसरांचा डोह. उन्हाळ्यात गंगा आटून नुसते गोटे नि वाळू उरायची, पण डोहात पाणी टिकायचं. वरचे-खालचे सगळे मासे पाऊस पडेस्तोवर तिथंच येऊन राहायचे. त्याच डोहाच्या उथळ कडेला आमचा धुण्याचा दगड. माझ्या सासूच्या सासूपासूनचा, मधोमध झिजून खोलगट झालेला.

काळारामाच्या सत्याग्रहाचा गलबला शमला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात हे सगळं सुरू झालं. वरती कुठंतरी रस्त्याचं काम निघालं होतं. खडक फोडायला त्या लोकांकडे सुरुंग होतेच. एका दुपारी त्यातल्या कुणीतरी एक सुरुंग आणून डोहात टाकला. धरणीच हादरली. मोठेमोठे मासे त्यांनी पोत्यात भरून नेले आणि बारीकसारीक सगळं तसंच पाण्यावर सोडून दिलं. मग काय, वैशाखातलं ऊन. असा वास सुटला की विचारू नका. धुतलेल्या कपड्यांना तोच वास. नाशकातल्या एका बाईंनी धुऊन आणलेलं लुगडं नाकाला लावलं आणि माझ्या अंगावर फेकलं, अगदी माझ्या माहेरच्या आळीत!

रंगूबाई खवळली. मला वाटलं धुण्यापायी खवळली, आणि तीही तसंच म्हणत होती. पण दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून मेलेले मासे टोपलीत भरतेय नि वाळूत नेऊन पुरतेय.

मी म्हटलं, "जाऊबाई, धुणं कोण धुणार?"

"तू धू की. नाशिकच्या बायांना द्येवानं हात दिलं नायीत व्हय?"

मी चडफडत धुवायला बसले. थोड्या वेळानं तिनं हाक मारली. तिच्या हातात वीतभर मासा होता, पोट फुटलेला. "मैने, ह्याच्यात गाभोळी हाय बघ. लेकुरवाळी व्हणार व्हती गं ही." एवढं बोलून तिनं तो मासा पदरात घेतला. मी तिला शेण थापताना, भांडताना, नवऱ्याचा मार खाताना पाहिली होती. तसं तोंड तिचं कधी पाहिलं नव्हतं.

खडकाच्या कपारीत काही मासे वाचले होते. मोठाल्या खवल्यांचे, सोनेरी अंगाचे. आमच्याकडे त्यांना खडस म्हणतात. त्यांना ही भाकरीचा चुरा टाकायला लागली. घरात आधीच भाकऱ्या मोजून व्हायच्या. मी म्हटलं, घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं! ती म्हणाली, माझ्या वाट्याची टाकती, तुझ्या नाय. आणि खरंच ती अर्धी भाकरी खाऊन उठायची.

मग एकदा आम्ही दोघी गठुडी घेऊन पंचवटीत गेलो. रामकुंडावर यात्रेकरू कणकेच्या गोळ्या पाण्यात टाकत होते. गोळीत रामनामाची चिठ्ठी, ती माशाला घालायची, म्हणजे पुण्य. मी लहानपणापासून ते बघत आले होते, मला त्याचं काय! पण ही डोक्यावरचं गठुडं खाली न ठेवता बघत उभी राहिली. मासे पायरीला येऊन माणसांच्या बोटांना तोंड लावत होते.

तिनं गोळ्या विकणाऱ्या म्हातारीला विचारलं, "ह्यास्नी कुणी धरत नाय?"

म्हातारी म्हणाली, "अगं बाई, ज्याला जेवू घातलं त्याला कोण खाईल?"

झालं. परतीच्या वाटेवर बाई झपझप माझ्या पुढं चालत राहिली. सोमेश्वराच्या धबधब्यापाशी आल्यावर म्हणाली, "मैने, आपल्या डोहावर आसं व्हायला पायजे. गावानं एकदा हातानं खाऊ घातलं की गाव मारणार नाय."

मग ती घरोघर फिरली. धुण्याच्या निमित्तानं कुठल्याही घराच्या मागच्या दारी परटिणीला जाता येतं, ते तिनं वसूल केलं. मासे म्हणजे आसरांची लेकरं, शुक्रवारी त्यांना गोळी घाला, पोराबाळांची नजर उतरते, असं काहीबाही तिनं बायांच्या गळी उतरवलं. पुरुष हसले. "परटीण आता मासळीची माय झाली," म्हणाले. हसू देत. बाया मात्र यायला लागल्या. आमच्या दगडापाशी उतरायला सोपं, म्हणून तिथूनच गोळ्या टाकायच्या. पुढच्या सालापर्यंत असं झालं, की रंगूबाईनं दगडावर ओल्या हाताची थाप मारली किंवा पाण्यात काही धपकन पडलं, की डोहातून काळी काळी पाठ वर यायची नि सगळे दगडाला बिलगायचे. त्यात एक थोराड मादी होती. गळ तोडून गेलेली, वरचा ओठ फाटलेला. तिचं नाव 'फाटकी'. ती रंगूबाईच्या घोट्याला तोंड घासायची. कुणी नसताना एकदोनदा मीही पाय सोडून बसले. गुदगुल्या होतात. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

ज्याचा गळ फाटकीनं तोडला होता, तो चिमाजी. गावातला गरीब माणूस, दुसऱ्याच्या रानात राबायचा आणि डोहावर गळ टाकून बसायचा. तरुणपणी त्यानं आणखी एक उद्योग केला होता. हिंगणबेटाची फळं कुटून डबक्यात कालवायची, की फेसानं मासे झिंगून वर येतात. ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. रंगूबाईनं त्याला डोहावरून उठवलं. "आसरांनी तुला डोहाची पाटीलकी दिली का गं?" म्हणून तो भांडला, पण बाया हिच्या बाजूच्या. मग तो खालच्या डबक्यांवर जाऊन बसायला लागला.

त्यानंतरचं साल वाईट आलं. पाऊस ओढला. होळीलाच धार तुटली आणि वैशाखात डोह इतका लहान झाला, की पलीकडच्या काठाचं बोलणं इकडे कुजबुज असली तरी ऐकू यावं. एवढ्याशा पाण्यात सगळे मासे. कुणी जाळं टाकलं तर एका खेपेत खलास. रंगूबाईच्या जिवाला घोर लागला. ती म्हणाली, आता डोह सोडायचा नाही. न्याहारी तिथं, जेवण तिथं. आणि लग्नसराई तर ऐन भरात. शालू, पीतांबर, भटजींची सोवळी यांची गठुडीच्या गठुडी येत होती. सुती धुणं नदीवर, पण रेशीम आम्ही कायम घरी धुवायचो, परसात घंगाळ्यात. रिठे कुटायचे, उकळायचे, त्या फेसात रेशीम हळूच चुबकायचं नि पाणी उकिरड्याशी ओतायचं. आता घरी बसलं तर डोहाची राखण कोण करणार? म्हणून तिनं रिठ्याचं पातेलं, चूल, घंगाळं सगळं उचलून दगडापाशी नेलं. रेशीम तिथंच धुवायला लागली. सावळीराम, तिचा नवरा, म्हणाला, "घर बी तिकडंच बांध." ती म्हणाली, "बांधीन."

आठवड्याच्या आत एका सकाळी पाचसहा मासे पालथे तरंगताना दिसले. अंगावर जखम नाही, काही नाही. नुसती तोंडं उघडी. रंगूबाईनं ते पाहिलं, पदर खोचला नि तरातरा चिमाजीच्या दारात. मी मागं धावले. तोवर तिनं शिव्यांचा पाऊस पाडला होता. "हिंगणबेट कालवलंस, मुडद्या! पाणी कमी झालं तशी तुझी जुनी खोड आली!" चिमाजी ओट्यावर दोरी वळत होता. तो पहिल्यांदा हसलाच. त्याला वाटलं थट्टा करतेय. मग त्याची बायको भिमाबाई बाहेर आली आणि गल्ली गोळा झाली.

प्रकरण चावडीवर गेलं. खंडेराव पाटलांनी निवाडा दिला, की चिमाजीनं ओलेत्यानं आसरांच्या दगडांवर हात ठेवून शपथ घ्यावी. आसरांची शपथ म्हणजे आमच्याकडे खेळ नाही. खोटी घेतली तर पाण्यात ओढून नेतात म्हणतात. चिमाजी डोहात बुडी मारून निथळत वर आला आणि सातही दगडांवर हात ठेवून म्हणाला, "म्या पाण्यात काय बी कालवलं नाय. कालवलं आसंल तर माझ्या घरादाराचं वाटोळं व्हवो." ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, माणूस खरं बोलतोय. पण आपण धाकटी जाऊ, आपल्याला विचारतंय कोण!

आणि दोन दिवसांनी पुन्हा मासे मेले, पहिल्यापेक्षा जास्त.

मग गाव फिरलं. खोटी शपथ घेतली, आता आसरा कोपणार, म्हणून लोक चिमाजीच्या सावलीला उभे राहीनात. भिमाबाईला विहिरीवर कुणी आधी पाणी भरू देईना. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, दारात मांडवाच्या मेढी रोवल्या होत्या. मुलाकडच्यांनी निरोप धाडला, की खोट्या शपथेच्या घरची पोर आम्हाला नको. मेढी तशाच उभ्या राहिल्या, त्यांच्यावर कावळे बसायचे. येता-जाता मला तिकडे बघवत नसे. रंगूबाई मात्र मान ताठ ठेवून जायची. "मासं का मुकं म्हून कुणी बी मारावं?" म्हणायची. तिनं राखण आणखी कडक केली. आता ती गठुडी द्यायलाही नाशकाला जाईना, मलाच पाठवायची. स्वतः दिवसभर दगडावर, रिठा कुटत.

त्या दुपारी मी तिच्यासाठी भाकरी घेऊन गेले होते. कुणाच्या तरी लग्नाचा भरजरी शालू तिनं नुकताच पिळून सावलीत पसरला होता. आसपास चिटपाखरू नव्हतं, आम्ही दोघीच. एरवी रिठ्याचं पाणी ती अंधार पडता पडता, घरी निघताना ओतायची; त्या दिवशी भर दुपारीच तिनं पातेलं उचललं आणि दगडावरून पाण्यात पालथं केलं. धप्पकन आवाज झाला.

मासे आले. नेहमीसारखे धावत आले. त्यांना वाटलं गोळ्या. पांढऱ्या फेसात ते तोंडं उघडत होते, एकमेकांच्या अंगावर चढत होते. बघता बघता एक तिरपा झाला. मग दुसरा. फाटकी रंगूबाईच्या पायाशी आली, घोट्याला तोंड लावलं, आणि तिथंच हळूहळू उलटी झाली. तिचं पांढरं पोट वर आलं.

रंगूबाईच्या हातात रिकामं पातेलं तसंच होतं.

ती म्हणाली, "मैने, हिंगणबेटाला बी आसाच फेस येतो का गं?"

तिला ठाऊक होतं. रिठे संपले की आम्हीच घरी हिंगणबेटाच्या फळांनी रेशीम धुवायचो. दोन्हीचा फेस एक, वास वेगळा. चिमाजी कुटायचा ते मासे मारायला, आम्ही कुटायचो ते धुवायला. पाण्याला त्यातला फरक काय कळतो!

ती पाण्यात बसली. हातानं फेस बाजूला सारायला लागली, घागरीनं पाणी उपसून बाहेर टाकायला लागली. मीही उतरले. दोघींनी खूप पाणी उपसलं. फाटकीला तिनं दोन्ही हातांवर धरून डोहाच्या मधल्या पाण्यात नेलं, हलवून पाहिलं, आईनं तान्ह्याला हलवावं तसं. काही उपयोग झाला नाही.

घरी आल्यावर सावळीराम म्हणाला, "गप ऱ्हा. कुणाला कळलंय? आता बोललीस तर गाव पाण्याला हात लावू द्यायचं नाय. धंदा बसंल." आमच्या ह्यांनीही मान हलवली. मी रंगूबाईकडे पाहिलं. तिनं जेवणाला हात लावला नव्हता. ती उठली, ओलं लुगडंही न बदलता चावडीवर गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "चिमाजीची शपथ खरी व्हती. मासं म्या मारलं. माझ्या रिठ्यानं." पाटील वैतागले. म्हणाले, परटिणीच्या नादानं गावाचं हसं झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलं होतं, आणि ते दिलं होतं त्यांनीच. पण तसं कुठला पाटील म्हणतो!

तिथून ती चिमाजीच्या दारात गेली. मी बरोबर होते. भिमाबाईनं सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. ती म्हणाली, "लोकांचं धुतीस न्हवं तू? माझ्या पोरीच्या अंगाला लावलेलं किटाळ धुऊन दे मग. दे धुऊन."

रंगूबाई उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसली होती. तिनं डोकं टेकलं. चिमाजी भिंतीशी उभा होता. त्यानं एवढंच विचारलं, "ती ओठ फाटलेली बी गेली का?"

"गेली."

"माझ्या गळाची व्हती ती," तो म्हणाला आणि आत निघून गेला. त्या घरानं पुढं आमच्याशी कधी शब्द केला नाही. मुलीला पुढं दूर पेठकडे दिली, बिजवराला. रंगूबाईनं ते ऐकलं तेव्हा ती दळत होती. दळतच राहिली, जात्यात दाणे संपले तरी.

धुणं तिनं डोहावरून उठवलं. काठाच्या वर, बाभळीखाली, खड्डा खणला, पाणी मातीत मुरावं म्हणून. घागरीनं पाणी चढवायचं नि तिथं धुवायचं. सावळीरामनं साफ नाही म्हटलं. तो नि आमचे हे खालीच, दुसऱ्या डबक्यावर जायला लागले. घागरी वाहायला उरलो आम्ही दोघी. मी रोज शिव्या देत होते. "जाऊबाई, तुमच्या माशांपायी माझी कंबर गेली," म्हणत होते, आणि वाहत होते. नाशकाची निम्मी घरं सुटली. पाण्यानं पांढऱ्या पडलेल्या तिच्या हातांना भेगा पडल्या, खांदा कायमचा वाकला.

पण खरा त्रास पुढेच होता. डोहात थोडे मासे उरले होते, आणि त्यांची सवय गेली नव्हती. कुणीही माणूस पाण्याशी आला, काहीही धपकन पडलं, की ते धावत यायचे. म्हशी धुणाऱ्यांच्या हातात येऊन पडायचे. एकानं तर पंच्यात धरून नेला. शुक्रवारी बाया अजून गोळ्या आणायच्या. रंगूबाईनं हात जोडून त्यांना बंद करायला लावलं. बायांना राग आला. "तूच सांगितलं, तूच बंद कर म्हणतीस!" त्यांचं काय चुकलं?

मग एके दिवशी मी घागर घेऊन खाली गेले, तर रंगूबाई त्या जुन्या दगडावर उभी. तिनं ओल्या हाताची थाप मारली. मासे आले. आणि बाईनं ओटीतले खडे काढून त्यांच्यावर मारले! मासे पांगले, पळाले. थोड्या वेळानं पुन्हा थाप, पुन्हा बिचारे आले, पुन्हा खडे. मी ओरडले, "वेड लागलं का तुम्हाला?"

ती म्हणाली, "माणसाला भ्यायला शिकवती. म्याच इसरायला लावलं ना त्यास्नी."

पाऊस पडेपर्यंत हेच चाललं. धुणं आटोपलं की ओटीभर खडे घेऊन ती दगडावर. एकही खडा जोरात नव्हता, माशांच्या आसपास पाण्यातच पडायचा. मारताना तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, "जा. लांब जा. आमच्या जवळ येऊ नका."

मृगाच्या तोंडावर, आभाळ भरून आलं होतं तेव्हाची गोष्ट. तिनं दगडावर थाप मारली. पाणी हललं नाही. पुन्हा मारली. मग घरून आणलेली, पदरात बांधलेली कणकेची एक गोळी सोडून पाण्यात टाकली. ती गोळी खाली जाताना आम्हाला दिसत राहिली. कुणी आलं नाही.

"शिकली गं, मैने," ती म्हणाली. हसायला गेली, आणि हंबरडा फोडून माझ्या गळ्यात पडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.